खुर्चीत बसून स्वरयंत्राचे उपचार: कुठे खरे उतरतात, कुठे नाहीत

घसा आणि स्वरयंत्राच्या नव्या उपचारांची जाहिरात बहुतेक एकाच सुरात होते. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, अर्ध्या तासात काम, संध्याकाळी घरी. यातलं काहीच खोटं नाही. पण बाहेरून चीर दिसली नाही म्हणजे आत इजा कमी झाली, असं त्यावरून ठरत नाही, आणि हे उपचार पारखताना नेमकी इथेच गल्लत होते.

स्वरतंतू म्हणजे तार नव्हे, ती थरांची पट्टी आहे. पुरुषांत साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब, स्त्रियांत त्याहून आखूड. वरून पातळ त्वचेसारखं आवरण, त्याखाली राइन्केचा थर नावाचा जेलीसारखा मऊ भाग, त्याखाली घट्ट बंध आणि सगळ्यात आत स्नायू. जपानी स्वरतज्ज्ञ मिनोरू हिरानो यांनी 1974 मध्ये मांडलं ते हेच: आतला भाग ताण धरतो आणि वरचं सैल आवरण त्यावर लाटेसारखं हलतं. आवाज या लाटेतून येतो. आवरण आणि जेली मिळून जाडी मिलिमीटरभरही नसते. त्या जेलीत एकदा व्रण धरला की आवरण खालच्या बंधाला चिकटतं, लाट थांबते, आणि अशा व्रणावर खात्रीचा इलाज अजून कुणाकडेही नाही. म्हणून या उपचारांना गुण द्यायचे तर एकच मोजपट्टी लावावी लागते: जेलीचा थर किती शाबूत राहिला. बाकी सोयी नंतर.

आधी निदान, मग सुई

आवाज चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिलंच पाहिजे. धूम्रपान असेल, मानेत गाठ लागत असेल, थायरॉइडचं किंवा छातीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, घशात श्वासाची नळी घातली गेली असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर चार आठवडेही थांबायचं नाही. न पाहताच महिनोन्‌महिने आम्लपित्ताच्या गोळ्या देत राहणं ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. त्यात दोन-तीन महिने गेले आणि खालून कर्करोग निघाला, असं होऊ शकतं.

साध्या दुर्बिणीत तंतू जागचे हलतात का, इतकं कळतं. लाट दिसत नाही, कारण पुरुषाच्या बोलण्यात तंतू सेकंदाला सुमारे शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रीच्या सुमारे दोनशे. त्यासाठी स्ट्रोबोस्कोपी लागते. यंत्र आवाजाची वारंवारता पकडतं आणि तिच्यापेक्षा किंचित वेगळ्या गतीने दिवा लुकलुकवतं, त्यामुळे डोळ्याला कंपन संथ झाल्यासारखं दिसतं. गाठ आवरणात आहे की खोल, तंतू पूर्ण मिटतात की मध्ये फट राहते, एका जागी लाट अडते का, हे सगळं इथेच समजतं. आवाज फारच खरखरीत असला तर यंत्राला वारंवारता सापडत नाही, दिवा भरकटतो आणि चित्र उड्या मारतं. हा यंत्राचा बिघाड नव्हे, पण अशा चित्रफितीवरून 'लाट नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्या अहवालावर विसंबू नये.

थोडक्यात, स्ट्रोबोस्कोपी नसलेल्या ठिकाणी आवाजासाठी लेसर करून घेणं म्हणजे एक्स-रे न काढता हाड बसवून घेण्यासारखं आहे.

बधिरीकरण: अर्धं यश इथेच

खुर्चीतल्या उपचारात रुग्ण जागा असतो, बोलतो, गिळतो. मोठा फायदा हाच, आणि अडचणही हीच. नाकात आधी रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधात आणि लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या दहा मिनिटं ठेवतात. घशात फवारा मारतात. मग दुर्बीण नाकातून खाली नेऊन तिच्या वाहिनीतून 4 टक्के लिग्नोकेन थेंब-थेंब तंतूंवर सोडतात आणि रुग्णाला लांब 'ईऽऽ' म्हणायला सांगतात. औषध तंतूंवर गुळण्या केल्यासारखं खळखळतं आणि पसरतं. पहिल्या वेळी जोरात ठसका लागतो, दुसऱ्या वेळी कमी, तिसऱ्या वेळी जवळपास नाही. घाई करणारा डॉक्टर दुसऱ्यालाच थांबतो. मग सुई किंवा लेसरचा काचतंतू आत असताना रुग्ण खोकतो, नेम चुकतो आणि काम अर्धवट राहतं. 'खुर्चीतला उपचार जमला नाही' म्हणून परत आलेल्यांत रुग्णाच्या सहनशक्तीपेक्षा बधिरीकरणातली ही कसर जास्त वेळा सापडते.

औषधाची मर्यादा मात्र ठरलेली आहे. अॅड्रेनलिन न मिसळलेल्या लिग्नोकेनची नेहमीची कमाल मात्रा किलोमागे साडेचार मिलिग्रॅम, एकूण 300 मिलिग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला 270. चार टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये 40 मिलिग्रॅम असतं, म्हणजे पावणेसात मिलिलिटरमध्ये हिशेब संपला, आणि नाकातल्या पट्ट्या व दहा टक्क्यांचा फवारा (एका दाबात 10 मिलिग्रॅम) हेही त्यातच धरायचं. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण ही जास्त झाल्याची पहिली खूण. झटके त्यानंतर येतात. फवाऱ्यात बेन्झोकेन असेल तर आणखी एक दुर्मीळ धोका असतो: रक्त ऑक्सिजन वाहायचं सोडतं, रुग्ण निळसर दिसतो आणि ऑक्सिजन लावूनही बोटावरच्या यंत्राचा आकडा हलत नाही.

उपचारानंतर घसा सुन्न असतो, म्हणून दीड-दोन तास पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहिला घोट छोटा घ्यायचा. या सूचनेसाठी लेखी कागद न देणाऱ्या दवाखान्याचे गुण इथेच कापावेत.

इंजेक्शनने तंतू फुगवणं: सगळ्यात भरवशाचा उपचार

एका बाजूचा तंतू लुळा पडला की दोन तंतूंमध्ये फट राहते. आवाज हवेशीर, दमलेला येतो, पाणी पिताना ठसका लागतो, एक वाक्य पुरं करायला दोनदा श्वास घ्यावा लागतो. 'आऽऽ' एका श्वासात किती सेकंद टिकतो हे घरीही मोजता येतं. निरोगी प्रौढाचा पंधरा-वीस सेकंद सहज टिकतो, लुळ्या तंतूत अनेकदा दहाच्याही खाली येतो. डावा तंतू जास्त वेळा लुळा पडतो, कारण त्याची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते. वाट लांब, तेवढे अपघात जास्त. म्हणूनच कारण न सापडलेल्या लुळेपणात कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन आधी हवा, कारण फुफ्फुसातली गाठ कधीकधी पहिल्यांदा आवाजातूनच बोलते. स्कॅन न करता थेट जेल भरणाऱ्या दवाखान्यातून उठून यावं.

उपचार असा: लुळ्या तंतूच्या स्नायूत, बाहेरच्या कडेला, खोलवर जेल भरायचं, म्हणजे तंतू फुगून मध्यरेषेकडे सरकतो आणि चांगला तंतू त्याला येऊन भिडतो. सुई नेण्याच्या वाटा अनेक. तोंडातून वाकडी सुई, नाकातल्या दुर्बिणीच्या वाहिनीतून लवचीक सुई, किंवा गळ्याच्या त्वचेतून: कंठमण्याच्या वरच्या खाचेतून, कूर्चेच्या आरपार, किंवा कूर्चेखालच्या पडद्यातून. कंठमण्याच्या वरची वाट शिकायला सोपी, कारण सुईचं टोक पडद्यावर दिसतं. पडद्यातून खालून जाणारी वाट रुग्णाला कमी त्रासाची, पण टोक दिसत नाही आणि डॉक्टर तंतूच्या फुगण्यावरून अंदाज घेतो. म्हातारपणी कूर्चा हाडासारखी कडक होते, तिथे आरपारची वाट अडते. डॉक्टरला दोन वाटा येत असाव्यात. एकच येणारा माणूस मान आखूड असली किंवा ओकारी जास्त आली की अडकतो.

जेल कुठलं, हा प्रश्न रुग्ण क्वचितच विचारतात, आणि खरं तर हाच विचारायला हवा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचं जेल दोन-तीन महिने टिकतं. ह्यालुरोनिक आम्ल साधारण चार ते नऊ महिने. कॅल्शियम हायड्रॉक्सिअॅपेटाइट वर्षभर किंवा त्याहून जास्त. स्वतःच्या पोटावरची चरबी काहींत कायम टिकते, काहींत विरघळून जाते, आधी सांगता येत नाही. शिवाय ती काढायला दुसरी जखम आणि बहुतेक वेळा पूर्ण भूल. एकेकाळी टेफ्लॉन भरत. वर्षांनंतर त्याभोवती दाहाच्या गाठी धरल्या आणि त्या काढताना तंतूच गेले. त्या धड्यापासून 'कायमचं' असा शब्द वापरणाऱ्या कुठल्याही पदार्थाकडे या धंद्यात संशयानेच बघतात.

नस दुखावली असेल, कापली गेली नसेल, तर ती नऊ महिने ते वर्षभरात परतू शकते. तेवढ्या काळात तात्पुरतं जेल योग्य. उशीर करण्यात शहाणपण नाही: लवकर भरलेल्यांना पुढे कायमच्या ऑपरेशनची गरज कमी पडते, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. वर्षानंतरही हालचाल नसेल तर थायरोप्लास्टी. गळ्यावर छोटी चीर, कूर्चेला खिडकी, आत सिलिकॉनचा किंवा गोरटेक्सचा आधार. नोबुहिको इस्शिकी यांनी 1974 मध्ये बसवलेल्या वर्गीकरणातला हा पहिला प्रकार. गळ्यावर चीर आहे म्हणून याला 'मोठं ऑपरेशन' म्हणून घाबरवतात, पण ते जागेपणीच, रुग्णाला बोलायला लावून, आवाज ऐकत होतं, आणि जेलीच्या थराला हातही लागत नाही. वरच्या मोजपट्टीने पाहिलं तर हे चिरेचं ऑपरेशन अनेक बिनचिरेच्या उपचारांपेक्षा सौम्य आहे.

चुका कुठे होतात? जेल उथळ पडलं तर. सुई राइन्केच्या थरात गेली की तंतू फुगलेला दिसतो पण कडक होतो, आवाज आधीपेक्षा वाईट आणि घुसमटलेला येतो. ह्यालुरोनिक आम्ल असेल तर हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतं. कॅल्शियमवालं असेल तर बसा वाट बघत. म्हणून शिकाऊ हाताला पहिल्यांदा विरघळणारंच द्यावं. एका बाजूला सहसा अर्धा ते एक मिलिलिटर पुरतं. पाण्याच्या आधारातलं जेल असेल तर तंतू मध्यरेषेच्या थोडा पलीकडे जाईल इतकं भरतात, कारण पाणी दोन-चार दिवसांत शोषलं जातं. ते दोन-चार दिवस आवाज दाबल्यासारखा येतो, त्याने घाबरायचं कारण नाही. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर नव्याने दुखू लागलं, आवाज पुन्हा बसला, तंतू लाल सुजला, तर ती जेलची दाहक प्रतिक्रिया. लगेच कळवायचं.

आणि एक लाल रेघ: दोन्ही तंतू लुळे पडून मध्ये चिकटून थांबले असतील तर आवाज जवळपास ठीक येतो पण श्वास अडतो. तिथे जेल भरणं म्हणजे उरलीसुरली वाट बंद करणं. अशा वेळी उलटं करतात, लेसरने मागच्या बाजूला तंतूत खाच पाडून श्वासाला जागा देतात आणि त्याची किंमत आवाजातून मोजतात. हा सौदा रुग्णाला आधी स्पष्ट सांगितलेला असावा.

खुर्चीतला लेसर: कामाचा, पण कुणासाठी

लेसर म्हटलं की सगळे एकच समजतात. कार्बन डायऑक्साइडचा लेसर 10,600 नॅनोमीटरचा. तो पाण्यात शोषला जातो आणि कुठलाही ऊतक चाकूसारखा कापतो. स्ट्राँग आणि जाको यांनी 1972 मध्ये तो स्वरयंत्रात आणला, आणि आजही मुख्यतः पूर्ण भूल देऊनच वापरतात. केटीपी लेसरचा हिरवा प्रकाश 532 नॅनोमीटरचा, अलीकडचा निळा 445 चा. हे दोन्ही रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषले जातात. वरचं आवरण फारसं न जाळता खालच्या रक्तवाहिन्या बंद करायच्या आणि गाठ उपाशी मारायची, ही त्यांची रीत. केसाच्या काही पट जाड, 0.4 मिलिमीटरचा काचतंतू पाच मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या वाहिनीतून खाली जातो.

शोभतो कुठे? परत परत उगवणाऱ्या मस्स्यांना. हे मस्से मानवी पॅपिलोमा विषाणूच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे येतात आणि एका दमात संपत नाहीत. दर काही महिन्यांनी पूर्ण भूल देण्यापेक्षा खुर्चीत वीस मिनिटं लेसर करणं रुग्णाला परवडतं, आणि म्हणून लोक लवकर येतात, मस्से लहान असतानाच. फुगलेल्या रक्तवाहिन्या आणि धूम्रपानाने आलेली राइन्केची सूज यांतही चांगला. मात्र सूज ओसरायला एक ते तीन महिने लागतात, आणि सिगारेट चालूच राहिली तर ती परत येते. हे आधी न सांगणारा डॉक्टर महिन्याने नाराज रुग्ण पाहतो. मस्स्यांच्या बाबतीत खेळ आता बदलतो आहे: शिरेतून दिलं जाणारं बेव्हासिझुमॅब (नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध) गंभीर रुग्णांत वापरलं जातंय, आणि 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने प्रौढांतल्या या आजारासाठी त्वचेखाली टोचायच्या प्रतिकारशक्ती-उपचाराला मान्यता दिली. लेसर म्हणजे या आजारावरचा शेवटचा शब्द, असं आता म्हणता येणार नाही.

सर्वसाधारण वापरात 35 वॅट, 15 मिलिसेकंदांचा ठोका, सेकंदाला दोन, अशी मांडणी असते. म्हणजे एका ठोक्याला अर्ध्या ज्यूलच्या आसपास. काचतंतू मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर धरायचा, ऊतक पांढरा पडला की थांबायचं. काळं किंवा तपकिरी पडेपर्यंत मारणं म्हणजे जेलीचा थर भाजणं. दोन्ही तंतू समोर जिथे जुळतात त्या कोपऱ्यात दोन्ही बाजू एकाच बैठकीत भाजल्या तर त्या एकमेकींना चिकटून पडदा धरू शकतो. शहाणा हात एक बाजू पुढच्या वेळेसाठी ठेवतो. खोलीत सगळ्यांना त्या तरंगलांबीचे चष्मे, रुग्णालाही. धूर ओढणारी नळी चालू, आणि मस्से असतील तर एन-95 मुखपट्टी, कारण धुरात विषाणूचे अंश असतात. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून लेसर चालवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

कमजोरी एकच, पण मोठी. भाजलेली गाठ तपासायला हाती काही उरत नाही. पांढरा डाग असेल तर लेसरआधी चिमट्याने तुकडा काढलाच पाहिजे, आणि वाहिनीतल्या चिमट्याचा तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. 'कर्करोग नाही' असा अहवाल आला तरी डाग वाढतोय, खरखरीत होतोय, तंतूची लाट तिथे अडतेय, तर पूर्ण भुलीखाली मोठा तुकडा हवा. खुर्चीतली बायॉप्सी होकार देते तेव्हा विश्वास ठेवा. नकार देते तेव्हा तिचा शब्द अंतिम नाही.

आवाज आखडणाऱ्यांसाठी बोटॉक्स

स्पास्मॉडिक डिस्फोनियात तंतू बोलता बोलता अचानक आवळतात, शब्द तुटतात, गळा कुणी धरल्यासारखा आवाज येतो. मजेची गोष्ट अशी की हसताना, कुजबुजताना, कधी गाताना आवाज बऱ्यापैकी सुटा येतो. ब्लिट्झर यांनी 1984 मध्ये पहिल्यांदा बोट्युलिनम विष यासाठी टोचलं, आणि आजही यापेक्षा चांगलं काही रुजलेलं नाही.

मात्रा अतिशय कमी. बहुतेकांची सुरुवात एका बाजूला सव्वा युनिटच्या आसपास, पुढे माणसागणिक बदलते. शंभर युनिटची बाटली चार मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळली तर 0.1 मिलिलिटरमध्ये अडीच युनिट येतात, आठमध्ये मिसळली तर सव्वा. तंतूत जास्त द्रव भरला तर विष शेजारच्या स्नायूंत पसरतं, म्हणून 0.1 मिलिलिटरपुढे जात नाहीत. सुई गळ्याच्या पडद्यातून जाते आणि तीच विद्युतकंपनं मोजते. रुग्ण 'ईऽऽ' म्हणतो तेव्हा यंत्र तडतडलं की जागा बरोबर. युनिटचा हिशेब कंपनीगणिक वेगळा असतो. दवाखाना बदलला तर कुठलं औषध, किती पातळ केलेलं, हे लिहून न्यावं. नुसतं 'पाच दिलं होतं' या तोंडी आकड्यावर कुणीही अंदाज बांधू नये.

एक ते तीन दिवसांत परिणाम, मग आठवडा-दोन आठवडे हवेशीर आवाज आणि पातळ पदार्थांवर ठसका. हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घ्यायचे. त्यानंतर तीन-चार महिने बरे. मग पुन्हा. तंतू आवळण्याऐवजी उघडे पडण्याचा दुसरा प्रकार असतो, त्यात मागच्या स्नायूला टोचावं लागतं. तेच स्नायू श्वासाची वाट उघडतात, म्हणून एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकाच दिवशी करतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकवणारा आजार) असलेल्यांना हे औषध नको.

सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ वाया जातो तो चुकीच्या निदानात. ताणाने गळ्याचे स्नायू आवळून बोलण्याची सवय या आजारासारखीच ऐकू येते, पण ती व्हॉइस थेरपीने सुटते. साधी खूण: ताणाच्या सवयीत सगळेच शब्द सारखेच अडकतात, खऱ्या आजारात स्वरांनी भरलेल्या वाक्यात जास्त. स्पीच थेरपिस्टच्या काही बैठकी झाल्याशिवाय पहिली सुई नको.

स्टिरॉइडची सुई आणि आकसलेली श्वासनलिका

तंतूंच्या खाली श्वासनलिका वर्तुळाकार आकसते तेव्हा दमा समजून वर्षभर फवारे दिले जातात. फरक कानाला कळतो: दम्याची शिटी श्वास सोडताना, ही घरघर श्वास घेतानाही, आणि पंपाने काहीच हलत नाही. नळीचा व्यास निम्मा झाला की संथ वाहत्या हवेलाही सोळापट अडथळा होतो, म्हणून शेवटी एक-दोन मिलिमीटरच्या आकुंचनावर रुग्ण अचानक कोसळतो. कारण न सापडणारा प्रकार जवळजवळ फक्त स्त्रियांत दिसतो, पण रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार नाही ना, याची रक्ततपासणी आधी हवी.

पूर्ण भुलीखाली व्रणाला तीन-चार चिरा देऊन फुग्याने नळी रुंदावतात. फुगा फुगलेला असताना श्वास पूर्ण बंद, म्हणून एक-दोन मिनिटंच, आणि भूलतज्ज्ञ नाकातून मिनिटाला सत्तर लिटरपर्यंत ऑक्सिजन सोडत वेळ मिळवतो. नंतर खुर्चीत, तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने, ट्रायअॅम्सिनोलोन या स्टिरॉइडच्या चार-सहा सुया गळ्यातून व्रणात. या मालिकेने पुढचं रुंदावणं लांबतं आणि काहींना ते लागतही नाही. मधुमेह असेल तर आठवडाभर साखर वर जाते. घरी पीक फ्लो मीटरवर (जोराने फुंकायचं छोटं यंत्र) रोजचा आकडा लिहिला की आकुंचन परत येतंय हे दमायच्या आधी कळतं. या उपचाराला आमचा कौल पूर्ण.

हीच सुई तंतूंच्या गाठींत, विशेषतः बोलून बोलून आलेल्या नोड्यूलमध्ये देण्याची फॅशन मात्र पटत नाही. गाठ बसते, पण सवय तशीच असली की परत येते. शिवाय औषधाचे पांढरे कण आठवडे तंतूत पडून राहतात, क्वचित जेलीचा थर विरतो. नोड्यूलला पहिला, दुसरा आणि बहुतेक वेळा तिसरा उपाय व्हॉइस थेरपीच.

टेबलावर जाणंच बरं तेव्हा

पॉलिप, तंतूतली पिशवी, संशयास्पद डाग यांच्यासाठी पूर्ण भूल आणि सूक्ष्मदर्शक यांना अजून तोड नाही. क्लाइन्सासर यांनी 1960 च्या दशकात 400 मिलिमीटरच्या भिंगाने ही पद्धत बसवली, आणि तिचा आत्मा तोच आहे: तंतू स्थिर, दोन्ही हात मोकळे, वीसपट मोठं चित्र. आवरणाखाली अॅड्रेनलिन मिसळलेलं सलाइन भरून थर वेगळे करतात, बारीक चीर देऊन पिशवी उचलतात आणि आवरण जागेवर ठेवतात. पिशवी खुर्चीत लेसरने फोडली तर तिची भिंत आत राहते आणि ती पुन्हा भरते. त्रास काय? जिभेला बधिरपणा किंवा चव बदलणं, काही दिवस ते आठवडे. दाताची कपरी उडणं. मान मागे वळत नसेल तर तंतू दिसतच नाहीत.

कार्बन डायऑक्साइड लेसर असेल तर लेसरला दाद न देणारी श्वासाची नळी, तिच्या फुग्यात रंगीत सलाइन (फुटला तर लगेच दिसावं), ओला कापूस आणि ऑक्सिजन 30 टक्क्यांखाली. तंतूच्या सुरुवातीच्या कर्करोगात एका दिवसाचं लेसर आणि पाच-सहा आठवड्यांचं रेडिएशन यांचे आयुर्मानाचे निकाल जवळपास सारखे. आवाज कुठे चांगला राहील हे गाठ किती खोल आहे त्यावर, म्हणून दोन्ही बाजूंच्या डॉक्टरांना भेटूनच ठरवावं.

घशातल्या इतर दोन गोष्टी घाईत सांगतो. अन्ननलिकेच्या तोंडाशी पिशवी होऊन जुनं अन्न वर येत असेल तर तोंडातून तिची भिंत स्टेपलरने कापतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेवण, पण पिशवी दोन सेंटिमीटरहून लहान असेल तर स्टेपलर बसत नाही. आणि ज्यांना ढेकरच येत नाही, पोट फुगून गळ्यात बेडकासारखे आवाज येतात, त्यांच्यात अन्ननलिकेच्या वरच्या झडपेत बोटॉक्स देण्याचा उपचार 2019 पासून रूढ झाला. अनेकांत एकच सुई औषध उतरल्यावरही टिकते, आणि हे मात्र चकित करणारं आहे.

नंतरचे दिवस आणि दवाखान्याची परीक्षा

जेल किंवा बोटॉक्सनंतर दिवसभर कमी बोलणं पुरतं. लेसर किंवा सूक्ष्म ऑपरेशननंतर तीन ते सात दिवस पूर्ण मौन, मग हळूहळू. कुजबुज म्हणजे मौन नव्हे. बरेच लोक कुजबुजताना साध्या बोलण्यापेक्षा गळा जास्त आवळतात. घसा खाकरणं त्याहून वाईट, त्यापेक्षा घोटभर पाणी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. खुर्चीतल्या बऱ्याच उपचारांना त्या थांबवाव्या लागत नाहीत, पण ठरवायचं डॉक्टरने.

दवाखाना निवडताना विचारायचं ते असं: महिन्याला किती खुर्चीतले उपचार होतात, अडचण आली तर जवळ पूर्ण भुलीची सोय आहे का, स्पीच थेरपिस्ट त्याच ठिकाणी बसतो का, आणि आवाजाचा दहा प्रश्नांचा गुणपत्रक आधी-नंतर भरून घेतात का. चाळीसपैकी अकराच्या वर गेलं की त्रास खरा मानतात. उपचारानंतर आकडा तिथेच असेल तर आवाज 'छान झाला' हे डॉक्टरचं मत झालं, रुग्णाचं नव्हे. आवरणाला हात लागला असेल तर महिन्याने पुन्हा स्ट्रोबोस्कोपी. लाट तेव्हा मंद असेल तर सहा महिन्यांच्या आत पुन्हा चाकू किंवा लेसर लावू देऊ नका, व्रण तोवर मऊ होत असतो. दोन्ही तपासण्यांच्या चित्रफिती पेनड्राइव्हवर मागून घ्या, कारण पुढच्या डॉक्टरला छापील अहवालापेक्षा त्याच जास्त सांगतात.